मुद्देकाकांच्या दोन विषयपत्रिका

आधीच सांगून ठेवते, माझ्या जिभेला हाड नाही. नवरा म्हणतो, मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचते आणि घरी आले तरी हात थांबतो, तोंड थांबत नाही. म्हणू दे. पण मुद्देकाकांच्या बाबतीत मी जे काही बोलले आणि जे काही केलं, ते एकदा कुठेतरी सांगून टाकायला हवं. नाहीतर ते माझ्या घशात तसंच अडकून राहील.

मुद्देकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आमच्या पाच मजली सोसायटीचे ते सचिव, राहायला पहिल्या मजल्यावर. कोणी काही सांगायला लागलं की दोन वाक्यं ऐकून घ्यायचे आणि मग हात जरासा वर करून विचारायचे, "मुद्दा?" बस, एवढंच. रागानं नाही हं, अगदी सौम्यपणे. पण समोरचा असा गडबडायचा की काय सांगायला आलो होतो तेच विसरायचा. म्हणून ते मुद्देकाका.

त्यांनी नोकरी केली ती एका मोठ्या कचेरीत. चौतीस वर्षं काम एकच, वरच्या साहेबांच्या सभेची विषयपत्रिका तयार करायची. सभेत बोलायचं नाही, टेबलाशी बसायचं नाही. भिंतीला लागून एक खुर्ची असायची, तिच्यावर बसून लिहायचं. पण काम असं चोख की साहेब बदलले, टेबल बदललं, काकांची खुर्ची काही हलली नाही. एकदा पाण्याच्या टाकीजवळ भेटले होते, तेव्हा मी आपलं सहज विचारलं, "काका, विषयपत्रिकेत एवढं करण्यासारखं असतं तरी काय? एक, दोन, तीन लिहायचं आणि वाटायचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हटलंय की रक्त काय, कुठेही टोचलं तरी येतं.

"वहिनी," ते म्हणाले, "सभा सभेत होत नसते. ती आधी होते. सभेत फक्त माना डोलवायच्या." मग टाकीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी मला अर्धा तास धडा दिला. पहिला विषय असा हवा की सगळे एका मिनिटात हो म्हणतील. जड विषय लगेच त्याच्या मागे, डोकी ताजी असताना. ज्यातलं सगळ्यांना कळतं तो विषय सगळ्यात शेवटी, कारण पंपावर तिघेच बोलतात, गेटच्या रंगावर सगळे बोलतात. विषय प्रश्न म्हणून लिहायचा, उत्तर हो किंवा नाही आलं पाहिजे. प्रत्येकापुढे मिनिटं लिहायची. आणि जो आडवा येणार आहे त्याला आधी त्याच्या घरी जाऊन भेटायचं, कारण चारचौघांत बोललेलं माणूस मागे घेत नाही. "आणि 'बाबत' हा शब्द कधी वापरायचा नाही," ते म्हणाले. "पार्किंगबाबत, पाण्याबाबत. बाबत लिहिलं की गुरं मोकळ्या रानात सोडल्यासारखं होतं."

त्यांच्या घरात बोलायचं खातं काकूंकडे होतं. काकू दारात बोलायला उभ्या राहिल्या की दूध उतू जायचं. त्यांचं नव्हे, ऐकणारीचं. वीस घरांत कोणाचं काय दुखतंय, कोणाची मुलगी रुसलीय, सगळं त्यांना ठाऊक. काका मागे वर्तमानपत्र घेऊन बसलेले. जगाशी त्यांचं जे काही जाणंयेणं होतं ते सगळं काकूंच्या मार्फत. अडीच वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगा लांबच्या शहरात, रविवारी संध्याकाळी फोन करायचा. तो फोनसुद्धा पूर्वी काकूच घ्यायच्या.

पुढे सहा महिन्यांनी सचिव कोणी व्हायचं हा प्रश्न आला. सचिव म्हणजे फुकट शिव्या खायची जागा, त्यामुळे सगळे मूग गिळून बसले. काकांनी हात वर केला. आम्ही सुटलो म्हणून टाळ्या वाजवल्या.

पहिली सभा त्यांनी आपल्याच घरी घेतली, रविवारी सकाळी दहाला. पंचवीस मिनिटांत संपली! आमच्या सोसायटीत तोवर नमनालाच घडाभर तेल जायचं. आम्ही थक्क झालो, वा वा केलं आणि उठून चालायला लागलो. काकांनी आत वीसपंचवीस कप मांडून चहा केला होता. "चहा..." ते म्हणाले, पण तोवर निम्मे लोक जिन्यात होते. मीही होते. रविवार होता, घरी कपड्यांचा ढीग पडला होता.

नंतर सभा दर महिन्याला व्हायला लागली. आणि हळूहळू लांबायला लागली. पार्किंगवरून भांडण, कबुतरांवरून भांडण, गेट हिरवं की निळं यावरून तर दोघे महिनाभर बोलत नव्हते. दहाला बसलेली सभा दीडला उठायची. चहा दोनदा व्हायचा, बिस्किटं व्हायची. तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, ते दातवाले आणि तिसऱ्या मजल्यावरची कबुतरांना दाणे टाकणारी बाई, आम्ही तिला कबुतरबाई म्हणतो, यांची जुंपली की नाटकाचं तिकीट काढायची गरज नाही. लोक हसत हसत यायचे. आम्हाला वाटलं, काकांचं वय झालं, पूर्वीसारखी पकड राहिली नाही. चर्चेचं नुसतं गुऱ्हाळ.

त्यातच आमची लिफ्ट बंद पडली.

यंत्र पार गेलं होतं, नवीन बसवायला हवं होतं आणि त्याला सगळ्यांचा होकार हवा होता. तळमजला आणि पहिला मजला म्हणणार, आम्हाला लिफ्ट लागते कुठे? झालं. लिफ्ट विषयपत्रिकेत सातव्या नंबरला आली. सहावा विषय संपेपर्यंत दीड वाजायचा, लोकांना भुका लागायच्या आणि काका वहीत लिहायचे, "वेळेअभावी पुढील सभेत." एक महिना, दोन महिने, सात महिने. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

मी पाचव्या मजल्यावर राहते. मी चढेन हो, दमेन, शिव्या देईन आणि चढेन. पण माझ्या सासूबाई? त्यांचे गुडघे कामातून गेलेत. लिफ्ट बंद झाल्या दिवसापासून त्या खाली उतरल्या नाहीत. नवरा म्हणाला, खुर्चीत बसवून आम्ही चौघे उचलून नेतो. तर सासूबाई म्हणाल्या, "मेल्यावर चौघे उचलतीलच की. जिवंतपणी कशाला सराव?"

आणि त्यांना खाली जायचं होतं ते एकाच घरी. चार गल्ल्या सोडून त्यांची थोरली बहीण राहते. तिला कमी ऐकू येतं, कमी म्हणजे जवळजवळ नाहीच. फोन लावला की सासूबाई इकडून ओरडतात, ती तिकडून ओरडते आणि दोघींचं वेगवेगळंच चाललेलं असतं. म्हणून दर गुरुवारी सासूबाई तिच्याकडे जायच्या आणि दोघी नुसत्या बसायच्या. हात हातात घेऊन, दोन तास. बोलणं नाही. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? तर म्हणाल्या, "ऐंशी वर्षं बोललो की, आता काय उरलंय?" सात महिने ते बसणं बंद होतं. आणि आता बहिणीचा मुलगा तिला आपल्याबरोबर लांब न्यायला निघाला होता, कायमची. तारीख ठरली, तीस. ते ऐकल्यावर सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सभा पाच तारखेच्या रविवारी होती. यंत्रवाला म्हणत होता, होकार द्या, तीन आठवड्यांत चालू करतो. म्हणजे हिशेब सरळ होता. या सभेत लिफ्ट झाली तर दोघी बहिणी भेटणार. पुढच्या सभेवर गेली तर पुन्हा कधी नाही.

म्हणून बुधवारी कामावरून येताना मी काकांची बेल वाजवली. दार उघडलं, तर माणूस असा खूश झाला की विचारू नका. "या या, वहिनी. काय विषय?" म्हटलं, लिफ्ट. "बसा, चहा टाकतो," म्हणून ते आत गेले. मी टेबलाशी बसले. टेबलावर दोन कागद होते, दोन्हीवर त्याच रविवारची तारीख.

एक कागद आम्हाला मिळतो तसा. पार्किंगबाबत. कबुतरांबाबत. गेटच्या रंगाबाबत. असं करत सातवं, लिफ्टबाबत.

दुसरा कागद वेगळा होता. "एक, मागील इतिवृत्त मंजूर आहे का? एक मिनिट. दोन, लिफ्टचं यंत्र या महिनाअखेर बदलायचं का? नऊ मिनिटं." बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दातवाल्यांना आधी भेटणे. त्यांना जिन्याखालची जागा सामानाला हवी आहे. ती दिली तर विरोध करणार नाहीत." पार्किंग आणि कबुतरं दोघा-तिघांच्या समितीकडे ढकललेली. खाली लिहिलं होतं, एकूण तीस मिनिटं. शेजारच्या फाइलमध्ये पाहिलं, मला कुठला धीर, तर प्रत्येक महिन्याची अशीच जोडी. एक कागद तीस मिनिटांचा, एक साडेतीन तासांचा. आणि आम्हाला वाटलेला दरवेळी साडेतीन तासांचाच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका ट्रे घेऊन आले. मी कागद वर धरला. "हे काय आहे, काका?"

ते थांबले. "तो कच्चा कागद आहे."

"कच्चा? पक्का हा आहे. कच्चा तर आम्हाला वाटताय तुम्ही!"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. मग म्हणाले, "आधी बरोबर लिहिल्याशिवाय हात थांबत नाही. सवय आहे. मग क्रम बदलतो."

"पण का?"

"लोक बसतात, वहिनी." एवढंच म्हणाले. मग मी बघतेच आहे असं पाहून पुढे म्हणाले, "दहाला येतात. साडेदहाला उठले, तर पुढे रविवार फार लांब असतो."

आता कोणी म्हणेल, इथे मी गप्प बसायला हवं होतं. मला ते आता कळतं. तेव्हा मला फक्त सासूबाईंचं न जेवलेलं ताट दिसत होतं. मी म्हटलं, "तुमचा रविवार लांब होतो म्हणून एक म्हातारी बाई सात महिने घरात कोंडून पडलीय! तिची बहीण तीस तारखेला कायमची चाललीय, माहीत आहे का तुम्हाला? तुमची बायको गेली, वाईट झालं. म्हणून काय सगळ्या बिल्डिंगला वेठीला धरणार?"

काका एकदम लहान झाल्यासारखे दिसले. "तुम्ही त्यांना उचलून खाली नेत असाल, असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. मी कागद पाहत होतो."

"मग येऊन विचारायचं! चार मजले तर आहेत. या, बसा, कोण नाही म्हणणार होतं तुम्हाला? त्याला सभा कशाला लागते?"

"विषय नसताना कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं, ते मला येत नाही, वहिनी," ते म्हणाले. "ते ती करायची."

मी तीस मिनिटांचा कागद टेबलावर आपटला. "हा वाटा," म्हणाले आणि चहाला हात न लावता निघाले.

मी वर जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून. तो म्हणाला, "बायको गेल्याचं कशाला काढलंस?" मी म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला, माहीत आहे मला. पण कागद तर वाटला जाईल ना?"

कागद नुसता वाटला गेला नाही. गुरुवारपासून शनिवारपर्यंत काका घरोघरी फिरले. हातात वही, कानावर पेन्सिल. गुरुवारी सकाळी दातवाल्यांकडे, दुपारी दुसऱ्या मजल्यावर राहतात त्या बँकवाल्यांकडे. संध्याकाळी कबुतरबाईकडे एवढा वेळ बसले की तिनं गॅलरीतल्या कबुतरांची ओळख करून दिली म्हणे, एकेकाची. जिन्यात मला दोनदा दिसले. धापा टाकत होते, पण चेहरा असा उजळलेला मी काकू गेल्यानंतर पाहिला नव्हता. माझ्याकडे पाहून मान हलवली. मी जरा कोरडीच वागले. राग माझा लवकर चढतो आणि उतरताना लिफ्ट बंद असल्यासारखा उतरतो.

शुक्रवारी ते आमच्याकडे आले. सासूबाईंच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि वही उघडली. "लिफ्ट कोणत्या तारखेपर्यंत हवी?"

"तीसला ताई जाते," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी लिहिलं, अठ्ठावीस. मग म्हणाले, "माझ्यामुळे उशीर झाला. चूक झाली."

सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिनं तुम्हाला काय काय सुनावलं ते मला कळलंय. चहापेक्षा किटली गरम आहे आमची. मनावर घेऊ नका." आणि मग, विषय संपला तरी, त्या बोलत राहिल्या आणि काका बसून राहिले. काकूंच्या गोष्टी निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी येऊन साहेबांच्या नकला करून दाखवायचात ना? ती इथे येऊन आम्हाला तुमची नक्कल करून दाखवायची. हसून हसून पोट दुखायचं." काकांना हे ठाऊकच नव्हतं. चौतीस वर्षं भिंतीला लागून बसलेला हा माणूस संध्याकाळी बायकोपुढे अख्खी सभा वठवायचा, सगळे आवाज काढून! ते लाजले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सव्वा तास बसले होते. जाताना दारात म्हणाले, "रविवारी विषयपत्रिका नीट वाचून या, वहिनी. सगळी."

"हो हो," मी म्हटलं. दोन नंबरचा विषय मी चारदा वाचला होता. बाकीच्यांशी मला काय करायचं होतं?

रविवारी दहाला सगळे जमले. मी दाराजवळची जागा धरली. काकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पहिला विषय, मंजूर. दुसरा विषय, लिफ्ट. आणि मी बघतच राहिले, कारण उभे राहिले ते दातवाले! म्हणाले, "वरच्या मजल्यावर आपल्या एक वडीलधाऱ्या बाई आहेत. मी सुचवतो की यंत्र अठ्ठावीस तारखेच्या आत बसवावं." सात महिने ज्या माणसानं "आम्हाला काय उपयोग" म्हणून डोकं खाल्लं तो हा! पाठोपाठ कबुतरबाईचं अनुमोदन. नऊ मिनिटं लिहिली होती, सहा लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता मला फक्त वर धावायचं होतं. सासूबाई दार उघडं ठेवून बसल्या होत्या.

तिसरा विषय, समिती नेमा, नेमली. काका चौथा वाचत होते, मी चपला शोधत होते. "पद सांभाळायला बँकवाले तयार आहेत. मान्य आहे का? दोन मिनिटं," असं काहीसं कानावर पडलं. बरं, असेल काहीतरी. "सूचक?" कबुतरबाईचा हात वर गेला. "अनुमोदक?"

कोणीतरी हात वर करायलाच हवा, त्याशिवाय विषय संपत नाही. सगळे एकमेकांकडे पाहत होते. माझा एक पाय चपलेत गेला होता. मी हात वर केला. "माझं अनुमोदन! चला आता, संपवा." सगळे हसले. काकाही हसले, जरासे. म्हणाले, "सभा संपली. बावीस मिनिटं."

टाळ्या पडल्या. खुर्च्या सरकल्या, वीसच्या वीस घरं जिन्यात. मी सगळ्यांत पुढे.

पाचव्या मजल्यावर मी दारातूनच ओरडले, "झालं, आई! अठ्ठावीस!" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडल्या. मीही रडले. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि चौथ्याचं काय झालं?"

"कुठलं चौथं?"

त्यांच्या उशाशी विषयपत्रिका होती. त्यांना दिवसभर दुसरं काम काय, त्यांनी ती पाठच केली होती. त्यांनी वाचून दाखवलं. "चार. सध्याच्या सचिवांचा राजीनामा मंजूर करायचा का? पद सांभाळायला बँकवाले तयार आहेत." कागद खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, कोणीतरी नको म्हणेल. कोणी काही बोललं नाही?"

मी पुन्हा खाली गेले, चार मजले, अनवाणी.

काकांचं दार उघडंच होतं. खुर्च्या अजून तशाच गोल मांडलेल्या, त्यातल्या एकीवर बसून ते इतिवृत्त लिहीत होते. मी म्हटलं, "काका, हे काय केलंत? मी ऐकलंच नाही. मला कळलं असतं तर मी..."

"काम चोख झालं, वहिनी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "सगळ्यांना आधी भेटलो होतो. बँकवाल्यांनाही. प्रश्न सरळ विचारला होता, उत्तर हो किंवा नाही. कोणी 'का' म्हणायला जागाच ठेवली नव्हती." मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "सूचक, तिसरा मजला. अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलंय. बरोबर लिहिलंय का, तेवढं बघा."

अक्षर मोत्यासारखं होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे." मला लाज वाटत होती, इतकी की तिथे उभंही राहवेना. घरी सासूबाई एकट्या आहेत, असं काहीतरी पुटपुटून मी परत फिरले.

लिफ्ट सव्वीसलाच चालू झाली. अठ्ठावीसला सासूबाई उतरल्या, बहिणीकडे दोन तास बसल्या, हात हातात घेऊन. एकोणतीसला पुन्हा गेल्या. तीसला बहीण गेली. सासूबाई म्हणाल्या, "पोट भरलं." मला तेवढंच हवं होतं आणि ते मला मिळालं. खोटं कशाला बोलू?

बँकवाल्यांनी सगळा कारभार मोबाइलवर आणला. हो असेल तर अंगठा, नाही असेल तर काही नाही. चार महिन्यांत एकही सभा झाली नाही आणि कोणाचं काही अडलंही नाही. काका फारसे दिसत नव्हते. लिफ्ट पाचव्यावरून सुटली की थेट खाली जाते, पहिल्या मजल्यावर थांबायचं कोणाला काय कारण?

एका रविवारी मात्र मी पहिल्याचं बटण दाबलं. अकरा वाजले होते. ठरवून गेले होते मी, आत जायचं, बसायचं, सांगायचं की सहज आले. त्या बुधवारी बोलले ते चुकलं म्हणायचं. काकूंचं काहीतरी विचारायचं. बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केलेली, कुठे निघाल्यासारखे, पण कुठे निघालेले नव्हते. मागे खोलीत दोनच खुर्च्या दिसत होत्या.

"या वहिनी," ते म्हणाले. "काय विषय?"

तीन शब्द म्हणायचे होते, विषय काही नाही. मी, जिच्यापुढे अख्खी लॅब चळाचळा कापते, ती मी दारात उभी राहिले आणि ते तीन शब्द काही केल्या तोंडातून निघेनात. मी म्हणाले, "लिफ्टमधला दिवा लुकलुकतोय, काका." तो मुळीच लुकलुकत नव्हता.

काका ताठ झाले. हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, अर्ध्यात थांबला. "ते आता माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "बँकवाल्यांना सांगा. दुसरा मजला, डावीकडे."

"बरं," मी म्हटलं.

ते दार धरून उभे राहिले. मीही उभी राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि हळूच दार लावलं. मी दुसऱ्या मजल्यावर गेले आणि दिवा लुकलुकतोय अशी तक्रार नोंदवून आले.